वेबिलाच्या पाठीमागं

नमस्कार मंडळी. मी ३२ वर्षं एसटीत कंडक्टर होतो, सोलापुरात, आणि ५८ पूर्ण झाली तसा रिटायर झालो. शाल-नारळ मिळाला, सोलापूर म्हणल्यावर वर एक चादर पण मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी सवयीनं पहाटे ४ ला जाग आली तर जायचं कुठंच नव्हतं.

तसं लिहिणं मला काय नवीन नाही, रोज वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, भरायचोच की! प्रत्येक स्टेजला तिकिटांचे नंबर, ते पण हलत्या गाडीत, सीटच्या दांडीला कंबर टेकवून. म्हणून असेल, मला अजून टेबलावर लिहायला जमत नाही, वही हातातच लागते.

नातवाच्या अर्ध्या कोऱ्या वहीत पहिल्यांदा लिहिलं ते कोजागरीवर. सोलापूरहून तुळजापूर ४५ किलोमीटर, पण त्या रात्री लोक चालत जातात, रस्ताभर माणसंच माणसं. मी लिहिलं, "चंद्राच्या शीतल किरणांत न्हालेला तो अथांग भक्तसागर..." आणि बायकोला वाचून दाखवलं. ती चटणीसाठी शेंगा फोडत होती, मान वर न करता म्हणली, "हे कोण बोलतंय ओ? तुम्ही त्या दिवशी ड्युटीवरनं येऊन त्या म्हातारीचं सांगितलं होतं, ते लिहा की."

खरंच होतं. परतीच्या गाडीत एक म्हातारी चढली होती, पायाला फोड, चपला हातात. मी म्हणलं, आजी, चालत आला न् आता गाडी? तर म्हणली, "आईला चालत येते म्हणले होते, चालत जाते म्हणले नव्हते."

भक्तसागर खोडला, म्हातारी ठेवली. तेव्हापासनं नादच लागला बघा. अक्कलकोटच्या गाडीत अर्धी माणसं कानडी, "मुंद होग्री, मुंद होग्री", म्हणजे पुढं चला, असं ओरडून ओरडून माझा घसा बसायचा, ते भांडण, ते सुट्ट्या पैशांवरनं रुसणं, सगळं डोक्यात तसंच पडून होतं, कुणी जमाच करून घेतलं नव्हतं. आता रोज सकाळी २ पानं. बायको चेकर, फुकटचा शब्द लगेच पकडते.

एकच अडकलंय. ती म्हातारी उतरली कुठं ते आठवत नाही, आणि वेबिल तर तेव्हाच डेपोत जमा झालेलं. सध्या तामलवाडी लिहिलंय.