उद्यमबाग ते मेनलाइन

(दृश्य: तिलकवाडीचं तिसरं रेल्वे गेट, सकाळची वर्दळ. पुढं उद्यमबागेतली फौंड्री.)

फौंड्री, लेथ, पंपांचे सुटे भाग. बेळगावची उद्यमबाग म्हटलं की लोखंडच डोळ्यासमोर येतं. आज मात्र आपण फौंड्रीच्या माडीवर चाललोय, एका चिपसाठी ड्रायव्हर कसा लिहितात ते बघायला.

(दृश्य: टेबलावरचा बोर्ड, मग स्क्रीन.)

हा तळहाताएवढा बोर्ड. प्रोसेसर नवा, आरआयएससी-व्ही या खुल्या रचनेचा. खालच्या भट्टीच्या तापमानाची नोंद त्यानं मेमरी कार्डावर ठेवायची आहे. स्क्रीनवरची शेवटची ओळ वाचा: ‘वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’, म्हणजे पुढच्या फाइली ज्या कार्डावर आहेत त्याची वाट बघणं चाललंय. गाडी इथंच अडलीय.

गंमत म्हणजे, लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, चढलाय तो याच कार्डावरून. चालू होताच चिपमधला पहिला कोड धावतो, तो बूट रॉम; त्याला कार्ड वाचता येतं, कर्नल चढवणाऱ्या बूटलोडरलाही येतं; दोघांकडं आपापला कोड आहे. कारभार कर्नलकडं आला, की त्याला कार्डच दिसत नाही.

चिपवाल्या कंपनीनं ड्रायव्हर, म्हणजे कर्नलला कार्डाशी बोलायला शिकवणारा कोड, दिला होता. झिप फाइलमध्ये, कुठल्याशा जुन्या कर्नलसाठी. नव्या कर्नलवर तो कंपाइलच होत नाही. असले ड्रायव्हर जन्मतःच अनाथ असतात.

(दृश्य: मॅन्युअलची पानं, पेन्सिलच्या खुणा.)

या ताई खानापूरच्या. मॅन्युअल चाळताना त्यांच्या लक्षात आलं, की कार्ड सांभाळणाऱ्या कंट्रोलरची बहुतेक रजिस्टरं (त्याला हुकूम द्यायच्या जागा) एसडीएचसीआय या कार्ड-कंट्रोलरच्या मानकाबरहुकूम आहेत. त्या मानकाचा सामाईक कोड कर्नलमध्ये आधीपासून आहे. मग नवा ड्रायव्हर कशाला? वेगळेपण तेवढं लिहायचं: क्लॉक, म्हणजे कामाचा ठेका, कुठून घ्यायचा, रीसेट कधी सोडायचा. कंट्रोलरचा पत्ता, इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायची तार) आणि ‘कंपॅटिबल’ हे ओळखीचं नाव डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डावर काय कुठं आहे त्या यादीत, जातं. झिपमधल्या ड्रायव्हरपुढं हा कोड अगदीच थोडका. आमच्या मते खरी कारागिरी ती हीच.

(दृश्य: ऑसिलोस्कोप, जवळून.)

कार्डाशी बोलणं सुरू होतं ते सावकाश, फार तर 400 किलोहर्ट्झवर. पडद्यावर चौकोनी लाटा दिसतायत, तो क्लॉक. खालच्या रेषेवर कमांड. सीएमडी म्हणजे कमांडच. सीएमडी 0: सगळं विसर, पहिल्यापासून सुरू कर. सीएमडी 8: हे व्होल्टेज चालेल ना? सोबत एक खुणेचा बाइट जातो, कार्डानं तो जसाच्या तसा परत करायचा. आला बघा. मग ‘तयार आहेस का?’ विचारणारी एसीएमडी 41, कार्ड ‘तयार आहे’ म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा. शेवटी कार्ड आपला पत्ता देतं, आणि स्क्रीनवर ओळ उमटते.

“दिसालंय की!” हा आवाज आमच्या कॅमेऱ्यामागून आलाय. काढून टाकलेला नाही.

(दृश्य: स्क्रीनवर चुकांच्या ओळी.)

50 मेगाहर्ट्झपर्यंत सगळं सुरळीत. कार्ड 1.8 व्होल्टवर आणून क्लॉक 208 मेगाहर्ट्झवर नेला आणि उणे 84 या चूक-क्रमांकाची रांग लागली. म्हणजे सीआरसी, डेटा बरोबर आला का ते ताडायचा आकडा, जुळत नाही. डेटा येतोय, पण चुकीच्या क्षणी वाचला जातोय. यावर उपाय ट्यूनिंगचा. सीएमडी 19 दिली की कार्ड ठरलेला 64 बाइटचा नमुना पाठवतं. वाचण्याचा क्षण थोडा थोडा सरकवत जायचं, कुठून कुठपर्यंत नमुना बरोबर येतो ते बघायचं आणि त्या टप्प्याचा मध्य पकडायचा. या चिपमध्ये तो क्षण सरकवणारं रजिस्टर मानकाबाहेरच्या जागी आहे. कंपनीच्या कोडमध्ये तिथं एकच ठोक आकडा होता. त्यांच्या बोर्डावर चालत असेल, इथं नाही.

(दृश्य: पॅच. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची, म्हणजे लिहिणाऱ्याच्या सहीची ओळ ठळक.)

पॅच, म्हणजे हा सगळा बदल, कर्नलचा हा भाग सांभाळणाऱ्या मेंटेनरकडं गेला. उत्तर आलं: डिव्हाइस ट्रीचं बाइंडिंग (त्या नोंदी कशा लिहायच्या याचा नियम) वेगळ्या पॅचमध्ये द्या. दिलं. हा ड्रायव्हर मेनलाइनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ कोडमध्ये, गेला, की ही चिप वापरणाऱ्या कुणालाही झिप शोधावी लागणार नाही. हे काम पुण्या-बेंगळुरूला न जाताही होतं, एवढं नोंदवून ठेवू.

खाली भट्टीची नोंद सुरू झालीय.

आता ईएमएमसी, बोर्डावरच जोडलेली मेमरी, बाकी आहे. तिथं डेटाच्या तारा आठ, नमुना 128 बाइटचा आणि ट्यूनिंगची कमांड सीएमडी 21. ताईंनी मॅन्युअलचं ते पान काढलंय.