मीठ धुणाऱ्या घरातली मुलगी

श्रोतेहो, नमस्कार. बायबलमधील पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात, विश्वासात कशाकशाची भर घालत जावे, याचा एक क्रम दिला आहे: आधी सात्त्विकता, मग ज्ञान, इंद्रियदमन, सहनशीलता, सुभक्ती, बंधुप्रेम आणि सर्वांत शेवटी प्रीती. प्रीती शेवटी आहे, हे कृपया ध्यानात ठेवा. (जाता जाता सांगतो, मराठी बायबलने येथे जपलेला 'प्रीती' हा जुना शब्द मला फार प्रिय आहे, आजच्या जाहिरातींनी 'प्रेम' हा शब्द इतका गुळगुळीत केला आहे की त्याला कशाचीही पकड राहिलेली नाही.)

ही भर किती सावकाश पडते, हे पाहायचे असेल तर मला नेहमी 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचे माहेर आठवते. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेली ही मुलगी. १८५७ च्या धामधुमीत तिच्या वडिलांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे असे काही वेड लागले की बाजारातून आलेले मीठसुद्धा धुतल्यावाचून घरात घेतले जाईना. मीठ धुतल्यावर किती उरते, हे आपण सर्व जाणतोच. अशा घरातली मुलगी लग्न होऊन कवी नारायण वामन टिळकांच्या घरी आली आणि त्या टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले.

लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन त्या काही वर्षे नवऱ्यापासून दूर राहिल्या, आणि पुढे अहमदनगरला त्यांच्याजवळ गेल्या तरी आपले सोवळे, आपली चूल आणि आपले पाणी त्यांनी वेगळेच ठेवले. टिळक स्वभावाने शीघ्रकोपी, क्षणात भडकणारे आणि क्षणात वितळणारे. तरीही धर्माच्या बाबतीत त्यांनी पत्नीवर सक्ती केली नाही. जो माणूस भर सभेत शेकडो लोकांना जिंकत होता, तो स्वतःच्या घरात वेगळी पेटलेली चूल पाहत थांबला, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही प्रवचनाहून मोठी वाटते. सहनशीलता प्रीतीच्या आधी येते ती अशी.

त्या चुलीपाशी बाईंच्या मनात एकच प्रश्न घोळत राहिला: जाती देवाने केल्या की माणसांनी? माणसांनीच केल्या, असे एकदा पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरवले. लक्षात घ्या, हा निश्चय बाप्तिस्म्याच्या आधीचा. बाप्तिस्मा झाला तो १९०० साली. म्हणजे पाण्याचा पेला आधी आणि बाप्तिस्म्याचे पाणी नंतर! आम्हा ख्रिस्ती लोकांच्या साक्षीच्या सभांत, म्हणजे जिथे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगतात तिथे, मात्र 'तारण कोणत्या तारखेला झाले?' असेच विचारले जाते. तारीख जरूर सांगावी, परंतु त्यानंतर सुनेशी बोलणे कसे बदलले, हेही कोणी विचारील तर बरे.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू सांगतो की भूमी आपोआप पीक देते: पहिल्याने अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. पेरणारा रात्री झोपतो आणि दिवसा उठतो. बी कसे वाढते हे त्याला कळत नाही. शेतकऱ्याच्या घरात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही; रोज रोप उपटून मूळ किती वाढले हे पाहणारा माणूस आपल्या गावात एकही सापडणार नाही.

टिळकांची वाढही बाप्तिस्म्यापाशी थांबली नव्हती. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती. १९१९ साली ते गेले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र अपुरे राहिले होते. ते पुरे करायला बसल्या लक्ष्मीबाई, मीठ धुणाऱ्या घरातल्या.