डबा दाराशी, टीव्ही दुसऱ्या टोकाला

श्रोतेहो, नमस्कार.

जुनं इंटरनेट कनेक्शन बंद केलं, दुसऱ्या कंपनीचं घेतलं. 40 एमबीपीएसचा प्लॅन होता, तो 200 चा झाला. आणि तरीही रात्री जेवणं आटोपून सिनेमा लावला, की पडद्यावर ते चाक गरगर फिरायला लागतं. घरातले म्हणतात, "जुनंच बरं होतं की!" ही तक्रार हल्ली बऱ्याच घरांतून ऐकू येते, म्हणून आज तिच्याबद्दलच बोलू या.

नेट दोन टप्प्यांत टीव्हीपर्यंत पोचतं. कंपनीकडून वायरीतून तुमच्या राउटरपर्यंत, आणि तिथून हवेतून टीव्हीपर्यंत. चाक फिरलं की आपण थेट कंपनीला फोन लावतो, म्हणजे पहिल्या टप्प्यावर संशय घेतो. पण मी पाहिलेल्या बऱ्याच घरांत घोळ दुसऱ्या टप्प्यात निघतो. कारण साधं आहे. कंपनी बदलली की राउटर बदलतो आणि त्याची जागाही बदलते. जोडणीला आलेल्या मुलाला पुढची घरं गाठायची असतात. फायबरची वायर दारावरून आत येते, म्हणून तो डबा दाराशीच चपलांच्या कपाटावर ठेवतो. आपल्याला तो दिसायला बरा वाटत नाही, म्हणून आपण त्याला कपाटाच्या आत ढकलतो. टीव्ही असतो आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. लोखंडातून वायफाय जात नाही.

तेव्हा आधी तपासायचं ते असं. लॅपटॉप राउटरला वायरीने जोडा आणि स्पीड मोजा. 200 च्या प्लॅनला 190 च्या आसपास दिसलं, तर कंपनी निर्दोष. आकडा नेमका 94-95 वर अडकला, तर वायरीकडे किंवा लॅपटॉपच्या पोर्टकडे बघा. वायरीतल्या आठ तारांपैकी चारच जोडलेल्या असल्या, किंवा पोर्टच 100 चं असलं, की स्पीड तिथेच थांबतो. जुन्या कनेक्शनची वायर तशीच ठेवली असेल, तर हे होऊ शकतं. अर्थात टीव्हीला 95 सुद्धा भरपूर आहेत. नेटफ्लिक्स फोर-केसाठी 15 एमबीपीएस पुरे असं सांगतं, आणि फुल एचडीला 5. म्हणजे तुम्ही 200 चा प्लॅन 300 चा केलात, तरी ते चाक थांबणार नाही. कस्टमर केअरवाले मात्र तेच सुचवतील.

आता टीव्हीकडे या. मोबाइलवर स्पीड मोजून उपयोग नाही, कारण मोबाइल तुमच्या हातात असतो आणि टीव्हीचा अँटेना पॅनेलच्या मागे, भिंतीला चिकटून. मोजायचं ते टीव्हीवरच. यूट्यूबवर कुठलाही व्हिडिओ लावा, सेटिंग्जमध्ये जा आणि 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' सुरू करा. कोपऱ्यात बारीक अक्षरांची एक पाटी येते. तिच्यातल्या 'बफर हेल्थ' या ओळीकडे बघत राहा. पुढचा किती सेकंदांचा व्हिडिओ आधीच येऊन पडलाय, ते तिथे दिसतं. 40, 50 सेकंद असतील तर काळजी नाही. आकडा 20, 12, 5 असा उतरत गेला, की तो शून्याला टेकतो तेव्हा चाक आलंच समजा. क्रिकेटचा सामना सिनेमापेक्षा लवकर अडकतो, त्याचं कारणही हेच. सामना थेट चाललेला असतो, पुढचा चेंडू अजून पडलेलाच नसतो, मग साठवून काय ठेवणार?

ही पाटी चालू ठेवून राउटर हलवून बघा. कपाटातून बाहेर काढा, उंचावर ठेवा, टीव्हीच्या दिशेला आणा. फायबरची ती बारीक वायर मात्र काटकोनात मुडपू नका. आत काच असते, प्रकाश अडतो आणि डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागतो.

मग बॅंड, म्हणजे वायफाय ज्या लहरींवर चालतं तो पट्टा. बहुतेक नवे राउटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन्हींना एकच नाव देतात, आणि टीव्ही हट्टाने 2.4 धरून बसतो. इमारतीत शेजाऱ्यांचे सगळे राउटर तिथेच गर्दी करतात, मायक्रोवेव्हसुद्धा. राउटरच्या सेटिंगमध्ये दोघांना वेगळी नावं द्या आणि टीव्हीला 5 वर घ्या. भिंती जास्त असतील तर 5 पोचणार नाही. काही स्वस्त टीव्हींना तर तो बॅंड दिसतच नाही. अशा वेळी मी सरळ वायर ओढायला सांगतो. फरशीच्या कडेने पट्टीतून नेलेली वायर दिसते थोडी, पण चालते चोख. बाजारातला स्वस्त एक्स्टेंडर, म्हणजे वायफाय पुढे पोचवणारा डबा, मी घेऊ देत नाही. ज्या बॅंडवर ऐकतो त्याच बॅंडवर तो पुढे बोलतो, आणि स्पीड अर्ध्यावर येतो.

हो, आणि जुना राउटर अजून कोपऱ्यात चालू आहे का, तेही बघा. त्याचं नाव टीव्हीच्या लक्षात असतं, आणि तो त्यालाच जाऊन चिकटू शकतो. जुना राउटर वापरायचाच असेल तर नव्याला वायरीने जोडून ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायफायचं जादा ठिकाण म्हणून लावा, नाहीतर प्लग काढा.

एवढं करूनही वायरीवरच्या लॅपटॉपला रात्री नऊ ते अकरा 200 ऐवजी 20 मिळत असतील, आणि पहाटे पूर्ण मिळत असतील, तर मात्र कंपनीची लाइन तुंबतेय. काही संध्याकाळी वेळेसह स्क्रीनशॉट काढा. तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घ्या. तो न घेता फोन ठेवू नका. तक्रार सुटली नाही, तर त्याच नंबरवर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्याच्या नियमानुसार अगदी छोट्या कंपन्या सोडल्या तर बाकीच्यांना ते ठेवावंच लागतं. तोवर टीव्हीवर क्वालिटी 720 करा, 3 एमबीपीएसमध्ये भागतं. नमस्कार.