सॅफ गेम्स: यजमान व्हायचं म्हणजे काय?

नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलच्या ग्राउंडवर सकाळी सकाळी पळणाऱ्या पोरापोरींना विचारा, कविता राऊत कोण? हरसूलकडच्या सावरपाड्याची, आपली सावरपाडा एक्सप्रेस. याच ग्राउंडवर घडलेल्या कविताने फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीत साऊथ आशियाई स्पर्धेची मॅरेथॉन मारली, २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंद, गोल्ड तर मिळालंच पण त्याच टायमिंगवर रिओ ऑलिम्पिकचं तिकीटही पक्कं झालं.

आता ही स्पर्धा मुळात व्हायला किती उशीर झाला ते ऐका. या साऊथ आशियाई स्पर्धेला जुने लोक अजून सॅफ गेम्सच म्हणतात, १९८४ ला काठमांडूत सुरू झालेली. बारावी स्पर्धा खरं तर २०१२ ला दिल्लीत व्हायची होती, पण डिसेंबर २०१२ मध्ये आयओसीने, म्हणजे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने, आपल्या भारतीय ऑलिम्पिक संघटनेलाच सस्पेंड केलं, म्हणजे घरातच भांडण आणि पाहुण्यांना आमंत्रण कोण देणार! ते सस्पेन्शन फेब्रुवारी २०१४ ला उठलं आणि शेवटी यजमानपद गेलं गुवाहाटी आणि शिलाँगला, दोन्हीत साधारण शंभर किलोमीटर, आपलं नाशिक ते शिर्डी आणि वर थोडं, तेही डोंगरातून. शिलाँगला बॉक्सिंग, ज्युडो, गुवाहाटीला अ‍ॅथलेटिक्स.

गुवाहाटीने एक शहाणपण केलं, मेन स्टेडियम नवीन बांधलंच नाही, २००७ च्या नॅशनल गेम्सचं होतं तेच वापरलं. आठ देश आले, खो-खो पहिल्यांदाच घेतला गेला आणि पुरुष आणि महिला, दोन्ही गोल्ड आपल्याकडे. भारताची एकूण मेडल्स ३०८, त्यातली १८८ गोल्ड. आता एवढी मेडल्स एकाच देशाने नेली तर बाकीच्यांनी कशाला यायचं, हा प्रश्न मला तरी पडतो.

नेपाळचं बघा, २०१५ च्या भूकंपात काठमांडूच्या दशरथ रंगशाळेचं नुकसान झालं, तरी दुरुस्ती करून २०१९ ला त्यांनी स्पर्धा घेतलीच. पुढची पाकिस्तानात ठरली, तिची तारीख मात्र पुढेच पुढे ढकलली जातेय. दर बारा वर्षांनी कुंभ येतो हे माहीत असल्यामुळे आपलं नाशिक आधीपासून कामाला लागतं, रस्ते, घाट, सगळं. इथे पुढचा नंबर कधी लागेल हेच कळत नसेल तर मैदानासाठी पैसे मागायचे तरी कुठल्या तोंडाने?