जाहिरातीखालची शेवटची ओळ

(दृश्य: पहाट. फुटपाथवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे. मुख्य अंकात पुरवण्या घालणारे हात.)

निवेदन:
उजाडायच्या आत पुण्यातल्या ठरलेल्या चौकांत वर्तमानपत्रांचे गठ्ठे उतरतात. अंकात पुरवणी, पुरवणीत पत्रक. हे काम इतक्या सराईतपणे चालतं की हातांकडे बघत राहावं. पत्रकावर काय छापलंय, ते घालणारा वाचत नाही. आणि खरं सांगायचं तर आपणही ते चहाच्या कपाखाली जाण्याआधी जेमतेम बघतो.

या फिल्ममध्ये आपण जाहिरातीतला फोटो, सवलत आणि हसरं कुटुंब बाजूला ठेवणार आहोत. बघायची आहे ती फक्त शेवटची ओळ. सगळं सांगून झाल्यावर जाहिरात जिथे वाचकाला म्हणते, 'बोला, तुमचं काय?', ती ओळ.

(दृश्य: जुन्या अंकांचे बांधीव खंड. छोट्या जाहिरातींचा रकाना.)

1881 साली पुण्यात केसरी निघाला. 1 जानेवारी 1932 ला नानासाहेब परुळेकरांनी सकाळ सुरू केला. पुढे छोट्या जाहिराती हा मराठी घरांचा हक्काचा रकाना झाला. जागा भाड्याने देणे आहे, शिवणयंत्र विकणे आहे, स्थळ पाहिजे. पैसे शब्दांवर, त्यामुळे उंची, शिक्षण, पगार, पत्रिका, सगळं तीन ओळींत. काटकसरीनं बोलणं पुणेकराला शिकवावं लागत नाही. दारावरच्या पाट्या साक्षीला आहेत.

स्थळाच्या जाहिरातीत शेवटची ओळ असे 'बॉक्स नं.' आणि पुढे आकडा. पत्र त्या नंबरावर वर्तमानपत्राच्या कचेरीत जायचं आणि तिथून जाहिरात देणाऱ्याच्या हाती. कोणी लिहिलंय हे मुलीच्या वडिलांना कळे. आपण कुणाला लिहिलंय, हे लिहिणाऱ्याला उत्तर आलं तरच कळे.

पोस्टानं माल विकणारे आणखी हुशार. पत्त्यात ते 'विभाग 3' असं काहीतरी घालत. दुकानात विभाग एकच, बहुधा मालकाचं टेबल. पण एका वर्तमानपत्रात 'विभाग 3' आणि दुसऱ्यात 'विभाग 4' छापलं, की आलेल्या पाकिटांवरून कळायचं, कुठल्या जाहिरातीचे पैसे वसूल झाले. ही खूण लक्षात ठेवा. पुढे ती वेश बदलून येणार आहे.

(दृश्य: बटणांचे जुने मोबाइल. हिरवट पडदा, त्यावर सरकणारी अक्षरं.)

3 डिसेंबर 1992 ला ब्रिटनमध्ये नील पॅपवर्थ या इंजिनिअरनं कॉम्प्युटरवरून एका मोबाइलवर नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या. जगातला पहिला एसएमएस तो. त्याची 160 अक्षरांची मर्यादा मात्र आधीच ठरली होती. 1985 च्या सुमारास जर्मनीत फ्रीडहेल्म हिलेब्रांट यांनी टाइपरायटरवर साधी वाक्यं लिहून त्यांतली अक्षरं मोजली, आणि बहुतेक निरोप एवढ्यात बसतात असं त्यांना दिसलं.

बसतात, पण रोमन लिपीत. मराठीला वेगळा हिशेब. एका एसएमएसला 140 बाइट, म्हणजे 1120 बिट जागा. रोमन अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून 160. देवनागरीला सोळा लागतात, म्हणून सत्तर. त्यातही काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण, सगळं सुटं मोजलं जातं. 'लक्ष्मी रस्ता' एवढं लिहिलं की मधल्या मोकळ्या जागेसकट तेरा गेले. उरले सत्तावन्न. त्यात साडीवरची सूट, वेळ आणि फोन नंबर बसवून दाखवा.

शिवाय त्या काळच्या कितीतरी हँडसेटवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन उमटत. मग मराठी जाहिरातीखाली ओळ आली: अमुक शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करा आणि या पाच आकडी नंबरवर, म्हणजे शॉर्ट कोडवर, पाठवा.

(दृश्य: टीव्हीसमोर बसलेलं कुटुंब. हातात एकच मोबाइल.)

ही सवय महाराष्ट्राला लावली टीव्हीनं. 2004 मध्ये सुरू झालेल्या इंडियन आयडॉलच्या पहिल्या पर्वात अभिजीत सावंतसाठी मराठी घरांनी मतं पाठवली. मार्च 2005 मध्ये तो जिंकला. ज्यांनी आयुष्यात कधी मेसेज टाइप केला नव्हता, तेही तेव्हा मुलांकडून शिकले. शॉर्ट कोड म्हणजे काय, हे आता कुणाला समजावून सांगायची गरज उरली नाही.

छापील जाहिरातीनं हे लगेच उचललं. यंत्रणा फार अवघड नव्हती. तुमचा मेसेज मोबाइल कंपनीच्या केंद्रातून एका मध्यस्थाच्या सर्व्हरवर जातो. तो पहिला शब्द वाचतो, शब्द कुठल्या जाहिरातदाराचा ते ताडतो आणि ठरलेलं उत्तर उलट धाडतो. इंटरनेट लागत नाही. मुळशीच्या डोंगरात एक काडी रेंज असली तरी काम होतं.

समजा, सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासनं दोन वर्तमानपत्रांत एकच जाहिरात दिली. एकीत शब्द वेगळा, दुसरीत वेगळा. दुपारपर्यंत मालकाला कळतं, कुठून किती मेसेज आले. 'विभाग 3' परतला तो असा. फरक एवढाच की पाकिटांसाठी आठवडाभर थांबायचं, ते आता जेवायच्या आत. कॉलम सेंटीमीटरच्या दरानं पैसे मोजणाऱ्याला ही चैन पूर्वी कधी मिळाली नव्हती.

आता वाचकाच्या बाजूनं बघू. बऱ्याच शॉर्ट कोडवर एका मेसेजला तीन रुपये पडत. तीन रुपये खर्चून उत्तर यायचं, 'धन्यवाद, आमचे प्रतिनिधी संपर्क करतील.' अशा उत्तरासाठी दुसऱ्यांदा कोण मेसेज करील? पुणेकर तर नाहीच.

त्यात सणांची गोची. कपडे, दागिने, गाड्या यांच्या जाहिरातींचा पूर येतो दसरा-दिवाळीला. आणि नेमक्या अशाच काही सणांना मोबाइल कंपन्यांचे सवलतीचे एसएमएस पॅक चालत नसत, मेसेजला पूर्ण पैसे लागत. जाहिरात म्हणे 'आजच मेसेज करा', आणि साधा मेसेजसुद्धा आजच महाग.

जिथे मेसेजनं खरं काम केलं, तिथे तो छापता न येणारी गोष्ट सांगत होता. या क्षणी शिल्लक असलेल्या जागा, बैठक क्रमांकावरून निकाल, पिनकोडवरून जवळचं दुकान. छापून झालेला कागद बदलत नाही, मेसेज बदलतो. हे ज्यांना उमगलं त्यांना उत्तरं आली. बाकीच्यांनी नुसती जाहिरातीला शेपूट जोडली.

(दृश्य: वर्तमानपत्राचं पान उघडतं आणि आवाज येतो.)

थोडं आडवळण घेऊ. छापील जाहिरात लांबवायचा देशातला सर्वांत गाजलेला प्रयोग मोबाइलशिवायच झाला. सप्टेंबर 2010 मध्ये फोक्सवॅगननं वेंटो गाडीच्या जाहिरातीत पानालाच छोटा स्पीकर चिकटवला. पान उघडून प्रकाश पडला की जाहिरात बोलू लागे. ही गाडी आपल्या चाकणच्या कारखान्यात बनायची. पेपर बोलतो म्हणून लोक शेजाऱ्याला दाखवायला धावले असतील, पण एक गोष्ट राहिली. जाहिरात बोलत होती, ऐकत नव्हती.

(दृश्य: मोबाइलवर डायल होणारा नंबर. एक रिंग. कट.)

ऐकण्याचं काम फुकटात केलं मिस्ड कॉलनं. 'घरी पोचलो' कळवायला एक रिंग द्यायची, ही युक्ती हॉस्टेलच्या मुलांना कधीच ठाऊक होती. बेंगळुरूच्या झिपडायलनं 2010 पासून तिचा धंदा केला, आणि 2015 मध्ये ट्विटरनं ती कंपनी विकत घेतली. 2011 मध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनाला पाठिंबा द्यायचा तोही मिस्ड कॉलनं.

फोन उचलण्याआधीच करणाऱ्याचा नंबर पलीकडे पोचतो. म्हणून कॉल कट झाला तरी नंबर राहतो. टाइप करायचं नाही, इंग्रजी अक्षरं नकोत, पैसे नकोत. प्रत्येक जाहिरातीला वेगळा नंबर दिला की 'विभाग 3' चं कामही झालं.

पण इथे सौदा बदलला, आणि तो कुणी नीट सांगितला नाही. पूर्वी जाहिरात वाचणारा अनोळखी राही. आवडलं तर दुकानात जाई, नाहीतर पान उलटे. आता एका रिंगेत त्याचा नंबर यादीत गेला, आणि यादी एका जागी राहत नाही. फ्लॅटची चौकशी केलेल्याला कर्जाचे फोन येतात, कर्जवाल्यांनंतर विम्याचे.

ओरड वाढली तसे नियम आले. 2007 मध्ये नको असलेल्या फोनसाठी देशभरची नोंदवही झाली. सप्टेंबर 2011 मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरच्या सरकारी नियामकानं, एका सिमवरून दिवसाला शंभर एसएमएसची मर्यादा घातली आणि थोड्याच आठवड्यांत ती दोनशेवर नेली. मग 2018 चे नियम: व्यापारी मेसेज पाठवणाऱ्यानं स्वतःची, पाठवणारा म्हणून दिसणाऱ्या नावाची आणि मजकुराच्या साच्याचीही आधी नोंद करायची. तुळशीबागेतल्या दुकानदाराला हे झेपायचं कसं? तो सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर गेला.

(दृश्य: पत्रकावरचा क्यूआर कोड. त्यावर धरलेला मोबाइल. स्कॅन होत नाही.)

क्यूआर कोड तसा जुना. 1994 मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि सहकाऱ्यांनी तो गाड्यांच्या सुट्या भागांसाठी तयार केला. भारतात तो घराघरांत पोचला 2016 नंतर, यूपीआयमुळे. भाजीवाल्यासमोर फोन धरायची सवय झाली होती, तीच जाहिरातीला उपयोगी पडली.

व्हॉट्सअ‍ॅपचा कोड स्कॅन केला की दुकानाशी गप्पांची खिडकी उघडते, आणि मेसेज आधीच लिहिलेला असतो: 'रविवारची जाहिरात पाहिली, माहिती हवी.' देवनागरीत, सत्तर अक्षरांचं बंधन न पाळता. दुकानदाराला वाटतं, गिऱ्हाइकानं लिहिलं. लिहिलेलं असतं त्याच्याच जाहिरातवाल्यानं, आणि त्यातला 'रविवारची' हा शब्द म्हणजे पुन्हा आपला 'विभाग 3'.

न्यूजप्रिंटवर हा कोड नखरे करतो. कागद पातळ, शाई पसरते, मागच्या पानाची छटा उमटते. कोडमध्ये चुका सावरायची सोय असते, जास्तीत जास्त तीस टक्के भाग बिघडला तरी तो वाचता येतो. पण भोवतीची पांढरी कड लागतेच, आणि जागेचे पैसे मोजलेल्या जाहिरातदाराला मोकळी जागा बघवत नाही. कडेपर्यंत मजकूर भरतो, वर कोड नेमका पानाच्या घडीवर आणतो. मग जुलैच्या दमट सकाळी वाचक तीनदा फोन धरतो आणि सोडून देतो.

(दृश्य: रस्त्यांवर शुकशुकाट. बंद दुकानं. मोबाइलवर वर्तमानपत्राचं पान.)

एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीत राज्य सरकारनं मुंबई-पुण्यात घरोघर वर्तमानपत्र टाकण्यावर बंदी आणली. पेपर पीडीएफ होऊन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरू लागला. जाहिरातीतला कोड आता मोबाइलच्याच पडद्यावर, आणि तो स्कॅन करायला दुसरा मोबाइल हवा. घरातल्या दोन पिढ्या त्या निमित्तानं एका सोफ्यावर आल्या, एवढा फायदा.

(दृश्य: घरांच्या जाहिरातींची पुरवणी. वाकड, बाणेर, हिंजवडी. पानभर इमारती.)

शेवटच्या ओळीतला सगळ्यात मोठा बदल मात्र कुठल्या जाहिरातवाल्यानं केलेला नाही. 1 ऑगस्ट 2023 पासून महारेरानं, म्हणजे बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक केला. नाही छापला तर पन्नास हजारांपर्यंत दंड. हा कोड बिल्डरकडे नेत नाही. तो प्रकल्पाच्या सरकारी नोंदीवर नेतो: नोंदणी कधीची, ताबा कधी द्यायचा होता, आराखड्यात बदल काय, तक्रारी किती.

म्हणजे आता एकाच जाहिरातीत दोन चौकोन असतात. एक मोठा, रंगीत चौकटीत, 'साइट व्हिजिटसाठी स्कॅन करा' म्हणणारा. दुसरा महारेराचा. पहिल्यावर मेसेज पाठवला की तुमचा नंबर विक्री विभागाकडे जातो आणि बहुतेक त्याच दिवशी फोन येतो. दुसऱ्यावर स्कॅन केलं तर बिल्डरची माहिती तुमच्याकडे येते, तुमचा नंबर न देता.

(दृश्य: दोन्ही कोड जवळून. आधी महारेराच्या कोडवर स्थिरावलेला मोबाइल. नोंदीचं पान उघडतं, ताब्याच्या तारखेवर बोट थांबतं.)