२०३५चा घोळ आणि हिमालयातला बर्फ

मंडळी, २०३५ हे साल तुमच्यापैकी अनेकांच्या कानावर असेल. तोवर हिमालयातल्या हिमनद्या नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे, असं आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या, २००७च्या अहवालात छापून आलं. ते साफ चुकीचं होतं. मोठ्या हिमनद्यांचा बर्फ शेकडो मीटर जाड असतो, तो असा दोन-तीन दशकांत संपत नाही.

नोव्हेंबर २००९मध्ये पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी व्ही. के. रैना यांचा अहवाल प्रसिद्ध केला. रैना भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले जुने, हिमनद्या पायी तुडवलेले. त्यांचं म्हणणं असं, की हिमनद्या मागे हटताहेत, पण त्यात जगावेगळं काही नाही आणि तापमानवाढीशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही. आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी ‘वूडू सायन्स’, म्हणजे जादूटोण्याचं विज्ञान, म्हणून त्या अहवालाची संभावना केली. एका ज्येष्ठ संशोधकाच्या कामाला असं हिणवणं मला आजही खटकतं. दोनच महिन्यांत, जानेवारी २०१०मध्ये, आयपीसीसीला २०३५बद्दल जाहीर खेद व्यक्त करावा लागला. ही चूक उघडी पाडली ती ग्रॅहम कॉग्ली, गेओर्ग कासर अशा हिमनद्यांच्याच अभ्यासकांनी. बर्फ वितळतोय याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती, हे मात्र बातम्यांच्या गदारोळात कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

आता खरा मतभेद. रैनांचा भर हिमनदीच्या मुखावर होता. गोमुख किती मीटर मागे गेलं, यावर. पण गंगोत्रीसारख्या हिमनदीचा खालचा भाग दगडगोट्यांनी झाकलेला असतो. त्याखाली बर्फ जागच्या जागी पातळ होत जातो, मुख फारसं हलतही नाही. म्हणून वर्षभरात किती हिम साचलं आणि किती वितळलं, असा बर्फाचा जमाखर्च मांडावा लागतो. हिमाचलमधल्या लाहौल-स्पितीतल्या छोटा शिग्री या हिमनदीवर २००२पासून तो मांडला जातोय. बर्फात खोल भोक पाडून त्यात बांबू उतरवतात. उन्हाळा सरला की परत जाऊन तो किती उघडा पडलाय ते टेपने मोजतात. वरच्या अंगाला खड्डा खणून वर्षभरात साचलेलं हिम तोलतात. दमछाक करणारं काम आहे, प्राणवायू विरळ, हातपाय गारठलेले.

अमेरिकेच्या जुन्या हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रंही आता सर्वांना खुली झाली आहेत. त्यांच्या आधारे २०१९मध्ये निष्कर्ष आला, की १९७५ ते २००० या काळात हिमालयातला बर्फ ज्या वेगाने घटत होता, त्याच्या दुप्पट वेगाने तो २०००नंतर घटतोय. काराकोरममधल्या काही हिमनद्या तेव्हा स्थिर होत्या, तेही अभ्यासकांनीच नोंदवलं. म्हणजे आयपीसीसी २०३५बद्दल चुकली, तर रैना ‘जगावेगळं काही नाही’ याबद्दल चुकले.

भारतात नऊ हजारांहून अधिक हिमनद्यांची नोंद आहे. त्यातल्या मोजक्याच हिमनद्यांवर असे बांबू रोवलेले आहेत. वाद घालायचाच तर आधी यावर घालू या, की ही संख्या वाढवायला माणसं आणि पैसा कोण देणार.