गाडीचं ॲव्हरेज पडलंय? फिल्टर बदलण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी! ॲव्हरेज कमी झालं म्हटलं की गॅरेजमधलं पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "एअर फिल्टर चोक झालाय, बदलून टाकू." हा बघा, असा दिसतो. काळाकुट्ट. बदलायलाच हवा. पण पेट्रोल याच्यामुळे जास्त जातं का? इंजेक्शनवाली पेट्रोल गाडी असेल, तर जवळपास नाहीच.

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत हवा अडली की मिश्रणात पेट्रोल जास्त व्हायचं. आताच्या गाडीत हवा किती येतेय याचा हिशोब सेन्सर ठेवतात आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या मापाने पेट्रोल सोडतो. हवा कमी, तर पेट्रोलही कमी. पिकअप जातो, ते खरं. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये फिल्टर मुद्दाम कोंडून चाचण्या घेतल्या, तेव्हाही ॲव्हरेजमध्ये दखल घेण्यासारखा फरक दिसला नाही. तेव्हा फिल्टर बदला, पण इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून.

मग पेट्रोल जातं कुठे? आधी चाकांकडे या.

ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. खांबावर हा स्टिकर असतो, त्यावर हवा किती भरायची ते लिहिलंय. टायरवर कोरलेला आकडा बघू नका, तो कमाल मर्यादेचा असतो. आणि हवा मोजायची टायर थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी काढायच्या आधी. पंपावर पोचेपर्यंत टायर तापतात आणि आकडा फुगलेला दिसतो. म्हणून एक साधं गेज विकत घ्या. नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी ३२ पौंड भरलेली हवा, जराही न गळता, डिसेंबरच्या पहाटे २७-२८ पौंडांवर येते. थंडीने आकसते. टायर बसला की घर्षण वाढतं आणि त्याचं बिल टाकीतून जातं. नायट्रोजन भरायचा तर भरा, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

आता ब्रेक. कोकणात पावसाळा काढलेल्या गाडीत कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेक पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना गंजतात आणि पॅड डिस्कला घासत राहतो. सपाट जागेवर हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं एक चाक जॅकवर घ्या, गिअर न्यूट्रल. गाडीखाली अजिबात शिरायचं नाही. चाक हाताने फिरवा. थोडी खरखर चालते. पण एका बाजूचं चाक दुसऱ्यापेक्षा जड फिरत असेल, तर ते चाक तुमचं पेट्रोल पितंय. पुढचं काम मात्र मेकॅनिकला द्या. ब्रेकवर प्रयोग करायचे नसतात.

आणि आता ज्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही तो, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेवरची झडप. इंजिन लवकर तापावं आणि मग ठरावीक तापमानाला राहावं, हे याचं काम. आपल्याकडे काही मेकॅनिक "गाडी गरम होणार नाही" म्हणून तो काढूनच टाकतात! मग इंजिन थंडच राहतं. ईसीयूला वाटतं गाडी आत्ताच चालू झालीय, आणि तो जास्तीचं पेट्रोल सोडत बसतो. चोक ओढूनच दिवसभर फिरल्यासारखं. हायवेला लागल्यावर टेंपरेचरचा काटा खाली उतरत असेल, किंवा काटा नसलेल्या गाडीत निळा दिवा विझायला फार वेळ लागत असेल, तर संशय थर्मोस्टॅटवरच घ्या.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच. ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या गाडीत "जाड ऑइल टाका, इंजिन टिकेल" म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा. रिकामा कॅरिअर टपावर असेल तर तोही उतरवा.

हे सगळं एकदम करू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. डॅशबोर्डवरच्या आकड्यावरही फार विसंबू नका. टाकी फुल करा, नोझल आपोआप बंद झाला की थांबा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी त्याच पंपावर परत फुल करा. जेवढे किलोमीटर झाले, त्याला त्या वेळी भरलेल्या लिटरने भागायचं. निदान दोन-तीन टाक्यांची सरासरी काढा, कारण एकाच टाकीत कात्रजचा घाट आणि एसी दोन्ही आले तर हिशोब फसतो. तुमची गाडी, साल आणि आलेला आकडा खाली लिहा.